एकाच वयाची दोन घरं
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





कमिटीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय मीच निवडायचा होता. बँकेवर बोललो असतो तर निम्मे लोक अल्पोपाहाराच्या टेबलाकडे गेले असते, म्हणून घर या विषयावर बोलतो. दापोली तालुक्यात आमची एक खोपी आहे. आपल्यापैकी पाच-सहा कुटुंबं तिथे येऊन राहिलेली आहेत, त्यांना ती माहीत आहे. बाकीच्यांनी मे महिन्यात मी चुना लागलेल्या कपड्यांत एसटीतून उतरताना पाहिलं असेल.

आपल्या इमारतीचा ताबा २००० साली मिळाला. त्याच सुमारास राष्ट्रीयीकृत बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि २००१ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, मी ती घेतली. वडिलोपार्जित जागेत सात-आठ आंब्याची कलमं होती, विहीर होती, राहायला काही नव्हतं. तिथे दोन उन्हाळ्यांत आम्ही ही खोपी बांधली. ‘आम्ही’ म्हणजे मी, माझे धाकटे बंधू, आमच्या सौ., शाळा-कॉलेजात असलेली दोन मुलं, आणि आम्हाला शिकवणारे वाडीतले एक वयस्कर मिस्त्रीकाका. सोळा बाय बारा फुटांची एक खोली आणि पुढे सहा फुटांची पडवी, एवढाच पसारा. म्हणजे आपली इमारत आणि माझी खोपी साधारण एकाच वयाच्या. दोन्हीकडे मी पंचवीस वर्षं राहतो, दोन्हींची दुरुस्ती जवळून पाहतो. त्यातून जे कळलं ते आज सांगणार आहे.

आधी घराबद्दल. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. जांभ्याची गंमत अशी की खाणीत तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो आणि उघड्या हवेत राहिला की टणक होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हा दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं. आपल्या कोकणातल्या माणसाला ते नाव नसतानाही घरं बांधता येत होती, हा भाग वेगळा. एक चिरा सहज तीसेक किलोचा. पहिल्या दिवशी आठ चिरे उचलल्यावर मला कॅशमधल्या नाण्यांच्या पिशव्या हलक्या वाटायला लागल्या.

छपराला ऐनाचे वासे, त्यावर रिपा आणि मंगलोरी कौलं. कौलं आम्ही जुनी घेतली, एका मोडलेल्या घराची. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हे कौल साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मुलांना ती वाचत बसायला फार आवडायचं. आमच्या छपराला सातशेच्या आसपास कौलं लागली. एक कौल सव्वादोन-अडीच किलोचं धरलं तरी दीड टनाहून जास्त वजन झालं. एवढं वजन डोक्यावर घेऊन आपण झोपतो, तेव्हा खालच्या लाकडाची विचारपूस करायला हवीच.

घर बांधायला दोन उन्हाळे लागले. सांभाळायला आजवर तेवीस उन्हाळे लागले आहेत आणि ते काम संपलेलं नाही. दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणून कोकणात घराच्या दुरुस्तीला तिथी ठरलेली असते. मिस्त्रीकाकांनी मला ती पंचांगासारखी लिहून दिली होती.

होळीला गेलं की लाकूड बघायचं. हातात छोटी हातोडी घ्यायची आणि प्रत्येक वाशावर टोकापासून टोकापर्यंत ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणटणीत बोलतं. आतून पोखरलेलं भद वाजतं. खाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला तर वर भुंगा आहे हे समजायचं. वाशाचं जे टोक भिंतीत बसतं ते आधी कुजतं, कारण तिथे ओल असते आणि वारा नसतो. म्हणून ठोकायला सुरुवात भिंतीकडून करायची. मग लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल द्यायचं. हे तेल वाळवीला चालत नाही, पण माणसाच्या कातडीलाही चालत नाही, फोड येतात. हातमोजे घालूनच लावावं.

मे महिन्यात शाकारणी. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा तपासायच्या आणि खालून वर चढत कौलं परत बसवायची. पाखीवर साठलेला आंब्याचा पाला काढायचा, कारण पाल्याखाली पाणी अडतं आणि उलटं कौलाच्या आत शिरतं. पन्हळ मोकळी करायची. वानरांनी वर्षभरात किती कौलं फोडली त्याचा हिशोब याच वेळी होतो. आमच्याकडे वर्षाला वीस-पंचवीस जातात. वानरांना कलमावरून थेट छपरावर उडी मारता येऊ नये म्हणून फांद्या छाटतो. ती दुसरीकडून येतात, तो भाग निराळा.

दिवाळीला गेलं की जोत्याभोवती फिरायचं. भिंतीवर मातीची बोटभर रुंद नळी चढलेली दिसली की वाळवी आली. नळी नुसती मोडून उपयोग नाही, ती दोन दिवसांत परत बांधते. नळी कुठून सुरू झाली ते शोधून तिथे औषध घालायचं. आणि भिंतीला टेकवून लाकडांची मोळी, जुनी खोकी, पालापाचोळा काहीही ठेवायचं नाही. जोतं चारी बाजूंनी डोळ्यांना दिसलं पाहिजे.

हे तीन फेरे चुकले नाहीत तर घर टिकतं. त्यात कुठलंही मोठं शास्त्र नाही. फक्त ठरलेल्या महिन्यात, घर धडधाकट दिसत असतानाही जायचं असतं. तेवढंच अवघड आहे.

आता गळतीबद्दल. पहिल्याच पावसाळ्यात पडवीच्या दाराशी थेंब पडायला लागले. मी शिडी लावून दाराच्या वरची कौलं बघितली, सगळी अखंड. मिस्त्रीकाका खालून बघत होते. म्हणाले, “भाऊ, पाणी दिसतं तिथं कशाला शोधताय? वरच्या अंगाला चढा.” पाणी आढ्याजवळच्या एका फटीतून आत येत होतं, वाशाच्या पोटाखालून आठ-नऊ फूट ओघळत येत होतं आणि दाराशी टपकत होतं. एक कौल सरळ केलं, गळती थांबली.

हे वाक्य मी आपल्या सोसायटीत किती वेळा आठवलं आहे! तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये ओल आली की सगळे चौथ्या मजल्यावरच्या वहिनींकडे बघतात. त्यांच्या बाथरूमची फरशी फोडली जाते, नवीन बसते, आणि पुढच्या पावसात ओल पुन्हा तिथेच. २०१२ मध्ये बी विंगमध्ये असंच झालं होतं, अनेकांना आठवत असेल. पाणी गच्चीवरच्या पॅरापेटच्या सांध्यातून शिरून डक्टच्या भिंतीतून खाली उतरत होतं. त्या वर्षी दोन कुटुंबं चार महिने एकमेकांशी बोलत नव्हती. आता त्यांची नातवंडं एकत्र सायकल चालवतात, म्हणून आज हे सांगायला हरकत नाही. गळतीत आधी माणूस शोधला की भांडण होतं. आधी वाट शोधली की बहुतेक वेळा काम स्वस्तात होतं.

भिंतींचं एक सांगतो. पाच-सहा वर्षांनी बंधूंच्या मनात आलं की चिऱ्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून छान रंग द्यावा. घर शहरातल्यासारखं दिसेल. गवंडी तयार होता. मिस्त्रीकाकांनी विरोध केला. जांभा छिद्राचा दगड. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ते सोडून देतो. बाहेरून सिमेंट थापलं तर आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही. गिलावा दोन-चार वर्षांत फुगतो आणि पापुद्रे सुटतात. आम्ही फक्त दरजा चुन्याने भरून घेतल्या, त्या दर सात-आठ वर्षांनी पुन्हा भरतो. भिंत आजही तशीच लाल आहे.

आपल्या इमारतीचं शरीर वेगळं आहे. तिथे काँक्रीटच्या पोटात लोखंड आहे. भेगेतून पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचली की गंज धरतो. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, आणि ती मिळवण्यासाठी आतून काँक्रीट फोडतं. पार्किंगमधल्या खांबांवर उभ्या चिरा दिसतात त्या अशा पडतात. त्यावर नुसता प्लॅस्टर आणि रंग मारला की चीर दिसेनाशी होते, गंज आत वाढत राहतो. म्हणजे मुद्दा दोन्हीकडे सारखाच आहे. बांधकाम कशाचं आहे ते ओळखून औषध द्यायचं.

आणखी एक गोष्ट मला गावाने शिकवली. बंद घर लवकर पडतं. आमच्या वाडीत आमच्या खोपीपेक्षा पुष्कळ मोठी, सागवानी खांबांची घरं होती. माणसं मुंबईला गेली, कुलूप लागलं. चूल पेटेना म्हणून छपराला धूर मिळेना, दारं उघडेनात म्हणून वारा मिळेना. एक कौल सरकलं तर ते बघायला कोणी नाही. त्या एका कौलातून वासा कुजतो, वाशामागे आढं वाकतं आणि एका पावसाळ्यात पाखं खाली येतं. आम्ही तिथे वर्षाचे जेमतेम सत्तर दिवस असतो. उरलेल्या दिवसांत शेजारचे भाऊ आणि वहिनी आठवड्यातून एकदा दार उघडतात, केर काढतात, पावसाळ्यात एखाद-दुसऱ्या वेळी चूल पेटवतात. त्यांच्या मुलाच्या कॉलेजच्या फॉर्मचं, बँकेच्या कर्जाचं काम मी बघतो. कागदावर काही लिहिलेलं नाही, पण या व्यवहारावर ते घर उभं आहे.

आपल्या चारही विंगमध्ये मिळून आज अकरा फ्लॅट बंद आहेत. मुलं परदेशी, आईवडील तिकडे किंवा आता नाहीत. बंद फ्लॅटमध्ये नहाणीच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि झुरळं वर येतात. नळाचा वायसर गेला तर कोणाला कळत नाही, कळतं ते खालच्यांना छतावर डाग पडल्यावर. माझी विनंती आहे की प्रत्येक बंद घराची एक किल्ली त्या मालकाच्या विश्वासातल्या शेजाऱ्याकडे असावी आणि महिन्यातून एकदा ते घर उघडलं जावं.

आता ३ जून २०२० बद्दल बोलतो. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर ते धडकलं आणि दापोली, मंडणगडलाही त्याने झोडपलं. लॉकडाऊनमुळे त्या वर्षी आमचा मे महिन्याचा फेरा झालाच नव्हता, कोणाचाच झाला नाही. वादळानंतर कित्येक दिवस फोन लागेना. अखेर जुलैत ई-पास काढून मुलगा आणि मी गेलो. वाटेत सुपारीच्या बागा कापणीनंतरच्या शेतासारख्या आडव्या दिसत होत्या. आमच्या पडवीवर कलमाची फांदी पडली होती, पडवीचं छप्पर गेलं होतं. मोठ्या पाखीवरची अर्धीअधिक कौलं उडाली होती. पण आढं जागेवर, वासे जागेवर, भिंतीचा एकही चिरा हललेला नाही. उघड्या छपरावर ताडपत्री बांधलेली होती. शेजारच्या भाऊंनी वादळाच्या दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या घराची कौलं गेलेली असताना, आमच्याकडे येऊन ती बांधली होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आधी चहा घ्या.”

त्या रात्री पडवीच्या जोत्यावर बसून मुलाने विचारलं, “बाबा, हे सगळं पुन्हा करायचं का? तुम्ही एकोणसत्तर वर्षांचे. मला वर्षाला पंधरा दिवस रजा मिळते. विकून टाकलं तर?” प्रश्न रागाचा नव्हता, रास्त होता. मी त्याला माझी वही दाखवली. बँकेतल्या सवयीने मी पहिल्या दिवसापासून खोपीचा जमाखर्च लिहितो. दरवर्षी ठरावीक रक्कम दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात टाकतो, काम निघो वा न निघो. दर तीन वर्षांनी ती रक्कम वाढवतो, कारण सुताराची मजुरी वाढते. त्या दिवशी त्या खात्यात छप्पर पुन्हा घालण्याएवढे पैसे होते. कर्ज काढायचं नव्हतं, मुलाच्या पगारातून काही घ्यायचं नव्हतं. तो वही बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “पैसे तर आहेत, मग प्रश्न फक्त हौसेचा आहे.” आम्ही मोठ्या पाखीवर कौलंच घातली. पडवीवर पत्रा घातला, कारण शिडीवर चढण्याचे माझे दिवस संपले आणि पत्र्याला शाकारणी लागत नाही. थोडं त्याचं ऐकलं, थोडं माझं.

ही वहीची गोष्ट आज इथे सांगण्याचं खास कारण आहे. आपल्या उपविधींप्रमाणे दुरुस्ती आणि देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का, जमिनीची किंमत वगळून. समजा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च त्या काळी पाच लाख होता. पाऊण टक्का म्हणजे वर्षाला ३,७५० रुपये, महिन्याला ३१२ रुपये ५० पैसे. पाव टक्का म्हणजे वर्षाला १,२५०, महिन्याला सुमारे १०४ रुपये. आपण जमा करतो ते २००० सालच्या खर्चावर आणि दुरुस्ती करतो ती आजच्या दराने. उपविधीतला आकडा किमान आहे. तो वाढवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा, म्हणजे तुमचा-माझा आहे.

गेली तीन वर्षं आपल्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय पुढे ढकलला जातो आहे. दोन बाजू मांडल्या जातात. पहिली म्हणजे, गच्ची गळते ती वरच्या मजल्याची, तळमजल्याने पैसे का द्यायचे? उपविधी स्पष्ट आहेत, गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चानेच थांबवायची. पण नियम बाजूला ठेवून सांगतो, खोपीत आढ्याजवळचं पाणी दाराशी आलं होतं. गच्चीवरचं पाणीही खांबांतून तळमजल्यापर्यंत येणारच आहे. दुसरी बाजू अशी की पाच-सात वर्षांत पुनर्विकास होईल, मग आता खर्च कशाला? पुनर्विकास व्हावा, जरूर व्हावा. पण तोपर्यंतचे पाच-सात पावसाळे याच स्लॅबखाली काढायचे आहेत, आणि डी विंगमध्ये वरच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या दोन आजी एकट्या राहतात. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं. आपलं पुढचं ऑडिट याच वर्षी येतं. माझी एवढीच इच्छा आहे की त्या अहवालाची वाट बघून, तो सर्वांसमोर वाचून, या दिवाळीच्या आत निर्णय व्हावा. हातोडीने ठोकल्यावर वासा काय बोलतो ते आधी ऐकू, मग वाद घालू.

मिस्त्रीकाका २०१६ मध्ये गेले. त्यांनी लिहून दिलेला तो कागद मी लॅमिनेट करून दारामागे लावला आहे. मागच्या मे महिन्यात शाकारणीला माझी नात वर होती, मी खाली खुर्चीत. बारा वर्षांची आहे. तिच्या आईचं लक्ष शिडीवर आणि माझं कौलांवर. नातीने एक कौल उचललं, ठोकलं आणि वरून ओरडली, “आजोबा, हे बद्द वाजतंय, बदलू?” मी म्हटलं, बदल. वही आता सूनबाई लिहितात. माझ्यापेक्षा नीट लिहितात, फक्त त्या मोबाईलमध्ये लिहितात आणि मला चष्मा दोनदा पुसावा लागतो.

आपल्या मुलांनाही एकदा गच्चीवर न्या. पाण्याची टाकी, पन्हळी, पॅरापेटच्या फटीत उगवलेला पिंपळ, सगळं दाखवा. तो पिंपळ या रविवारी मुळासकट काढायचा आहे. सकाळी आठ वाजता ए विंगच्या जिन्यापाशी जमू. छिन्नी आणि हातोडी मी आणतो, चहा आमच्या घरून येईल.

पंचवीस वर्षं आपण सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं, त्याबद्दल आभार. माझी पंधरा मिनिटं संपली, बटाटेवडे गरम आहेत असं ऐकतो.